मागच्या गेटचा कॅमेरा

ए-२०४ : सेक्रेटरी साहेब, मागच्या गेटचा कॅमेरा काल रात्री परत बंद. माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल परत काढलं. फुटेज कोणाकडे मागू?

सेक्रेटरी : नमस्कार ताई. दिवसा चालू असतो, मी स्वतः बघितलंय. कॅमेरेवाल्याला फोन केलाय.

सी-१०१ : मीटर रूममधला नेटवर्क स्विच बदला, कॅमेऱ्यांच्या केबल जोडतात तो डबा. वार्षिक सभेतच सांगितलं होतं.

बी-३०२ : काका, स्विच ठीक आहे. त्याच पोर्टवर, म्हणजे स्विचच्या त्याच खाचेत, लिफ्टसमोरचा कॅमेरा लावला, रात्रभर चालला. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त लागते, आणि ती डेटाच्याच केबलमधून जाते. मीटर रूमपासून मागचं गेट वळसे धरून १३० मीटर. या केबलची मर्यादा १०० मीटर.

सी-१०१ : मग मोठा स्विच घ्या.

बी-३०२ : आहे तोच एका पोर्टला १५.४ वॅट देतो. ती वीज वाटेत मुरते. केबलचा उरलेला तुकडा ब्लेडने खरवडला, वरून तांबूस, आत पांढरा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, त्यात वीज आणखी मुरते! बिलात शुद्ध तांब्याची कॅट सिक्स केबल लिहिलीय.

डी-५०३ : गेटच जवळ आणा 😄

ए-२०४ : पेट्रोल माझं जातंय, तुम्हाला हसू येतंय.

डी-५०३ : सॉरी ताई.

ए-४०१ : बिल पास कोणी केलं?

सेक्रेटरी : तिन्ही कोटेशनं इथेच टाकली होती. "स्वस्तातलं घ्या" म्हणून सगळ्यांचे 👍 आले.

ए-४०१ : माझा नव्हता. स्क्रीनशॉट आहे.

ए-१०२ : आज पाणी किती वाजता?

बी-३०२ : पंप रूममध्ये लहान पीओई स्विच (डेटाच्या केबलमधूनच वीज देणारा) बसवू, तिथे लाइट आहे. म्हणजे ७० आणि ६० मीटरचे दोन तुकडे होतील. केबल शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची. लाइटच्या पाइपातून ओढायची नाही. आणि कनेक्टरमध्ये तारा दोन्ही टोकांना एकाच क्रमाने : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन बाजूंना येते. मागच्या वेळी पोरांनी ती शेजारीशेजारी ठोकली. टेस्टरचे दिवे सगळे लागतात, पण चित्र अडकत राहतं.

सी-१०१ : तरी स्विच बदलाच.

सेक्रेटरी : काका, मीटर रूमचा स्विच राहील. शनिवारी नवी केबल येईल. बी-३०२ खरवडून बघतील, मगच पैसे.

ए-२०४ : तोवर रात्री वॉचमन मागे बसवा.

सेक्रेटरी : आज दहापासून बसेल.