बोरन्हाणाचा फोटो: मुलाने कॅमेऱ्याकडे बघायलाच हवे का?

धागाकर्ता

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी बोरन्हाणे होतात आणि त्यांचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप गटांवर फिरू लागतात. काळे झबले, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याचीच बासरी, आणि या सगळ्या थाटात हरवलेला एक भांबावलेला चेहरा, असे त्यांतल्या बहुतेक फोटोंचे स्वरूप असते. मूल भांबावते, कारण समोर जमलेली सगळी मोठी माणसे एकाच वेळी 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणून ओरडत असतात आणि प्रत्येकाचे 'इकडे' वेगळ्या दिशेला असते.

माझे म्हणणे असे आहे की पाच वर्षांखालील मुलाला कॅमेऱ्याकडे बघायला लावण्याचा हट्टच सोडून द्यावा. त्याला त्याच्या उद्योगात राहू द्यावे आणि आपण जमिनीवर मांडी घालून किंवा सरळ पालथे पडून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. प्रसिद्ध छायाचित्रकार आल्फ्रेड आयझेनश्टाट यांनी १९६३ साली पॅरिसमध्ये बाहुल्यांचा खेळ बघणाऱ्या मुलांचे छायाचित्र घेतले. ड्रॅगन मारला जातो त्या क्षणी कोणी किंचाळते आहे, कोणी तोंडावर हात धरला आहे, कोणाचा आ वासलेला आहे, आणि छायाचित्रकाराकडे कोणाचेच लक्ष नाही. बालपण त्या चेहऱ्यांवर जितके दिसते तितके 'हस रे' म्हणून काढलेल्या फोटोत मला आजवर दिसलेले नाही.

बाकी तंत्र फार अवघड नाही. खोलीतले दिवे बंद करावेत आणि थेट ऊन न येणाऱ्या मोठ्या खिडकीजवळ मुलाला अशा रीतीने बसवावे की उजेड एका बाजूने चेहऱ्यावर यावा व डोळ्यांत खिडकीचे प्रतिबिंब चमकावे. शटर (उजेड आत घेण्यासाठी कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा वेळ) निदान १/२५० सेकंद ठेवावे, कारण दीड वर्षाचे मूल स्थिर बसलेले भासते तेव्हाही त्याची मान आणि हात चालूच असतात. डोक्यावर ओतलेली बोरे आणि चुरमुरे हवेत टिपायचे असतील, तर याहूनही जलद शटर लागेल.

स्टुडिओवाला

आयझेनश्टाट यांचे छायाचित्र थोर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ते प्रसंगाचे छायाचित्र आहे, व्यक्तीचे नव्हे. त्यातल्या एकाही मुलाचे नाव ठाऊक नसले तरी बघणाऱ्याचे काही बिघडत नाही. आजीला नातवाचा फोटो भिंतीवर लावायचा असतो तेव्हा तिला 'बालपण' नको असते, तिला तो विशिष्ट नातू हवा असतो आणि त्याने आपल्याकडे बघावे अशी तिची अपेक्षा असते. ती अपेक्षा भाबडी ठरवून आपण व्यक्तिचित्राचा गाभाच काढून टाकत आहात.

दोष नजरेच्या आग्रहात नाही, तो नजर मिळवण्याच्या पद्धतीत आहे. वडिलांपासून चालत आलेल्या माझ्या स्टुडिओत मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे काका, आत्या आणि शेजारी यांना बाहेरच्या बाकावर बसवतो. आत फक्त आई थांबते, आणि तीही कोपऱ्यात उभी राहत नाही, तर माझ्या गालाला जवळजवळ गाल लावून भिंगाच्या अगदी मागे बसते, कारण मूल कॅमेऱ्याकडे कधीच बघत नसते, ते आईकडे बघत असते. आई दोन हात बाजूला सरकली की नजरही दोन हात सरकते आणि फोटो वाया जातो. खुळखुळ्याचेही तसेच आहे. तो सतत वाजवत राहिला की मूल कंटाळते. भिंगाच्या वर क्षणभर दाखवून लपवला, तर ते पुन्हा कुठून येतो याची वाट बघते, आणि त्या वाट बघण्यात जी नजर मिळते ती विनवण्या करून मिळत नाही. असे दोनतीनदा साधते, त्यानंतर दुसरे काहीतरी काढावे लागते.

खिडकीच्या उजेडाचे कौतुक मीही करतो, पण बोरन्हाण संध्याकाळी असते. जानेवारीच्या मध्यास पुण्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि बायका हळदीकुंकवाला जमतात त्यानंतर. त्या वेळी आपली खिडकी काय कामाची? स्टुडिओतल्या फ्लॅशचा झोत साधारण एक हजारांश सेकंदाच्या आसपास टिकतो, त्यामुळे मूल कितीही वळवळले तरी डोळे स्पष्ट येतात.

मुलांना स्थिर ठेवण्याचा प्रश्न या कलेइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात कित्येक सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागे, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घ्यावा लागे, तेव्हा युरोप-अमेरिकेत आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखे बसवत आणि तिच्या मांडीवर बाळाला ठेवत. ते फोटो आज बघताना अंगावर काटा येतो, पण छायाचित्रणाच्या काचा जलद झाल्या आणि पुढे फ्लॅशही आला, तेव्हाच आईला त्या कापडाखालून बाहेर येता आले, हे स्टुडिओवर टीका करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

एक वाचक

धागाकर्त्यांशी सहमत आहे. आमच्याकडे एका स्टुडिओने मुलीच्या कपाळावर मुकुटाच्या दोऱ्याने उठलेली लाल रेघ पुसली, गालावरची तीटही पुसली, आणि त्वचा इतकी गुळगुळीत केली की फोटोतली मुलगी मेणाची वाटते. नजर मात्र अगदी भिंगात आहे. त्या नजरेचे काय करू?

दोन मुलांची आई

वरची चर्चा वाचून असे वाटते की सगळ्यांच्या घरी पूर्वेला मोठी खिडकी तरी असते किंवा हाताशी स्टुडिओ तरी. आमचे घर दाट वस्तीतल्या इमारतीत तळमजल्यावर आहे आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. भर दुपारी दिवा लावावा लागतो. शटर १/२५० वर न्यावे म्हटले, तर स्वस्त एलईडी दिव्याखाली फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि त्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० वर आणले की पट्टे जातात, पण मग मुलाचा हात हलल्याचा धूसरपणा येतो. ही अडचण आपल्यापैकी कोणीच विचारात घेतलेली नाही.

मी शेवटी फोटो आणि समारंभ यांची फारकत केली. साडेचार-पाचच्या सुमारास मुलाला झबले घालून गच्चीच्या जिन्यात नेले. वरच्या उघड्या दारातून येणारा उजेड मऊ असतो, भिंतीला पांढरा चुना आहे, त्यामुळे अंधाऱ्या बाजूलाही थोडा उजेड परततो. (घरात भिंती पोपटी आहेत, तिथे गालही पोपटी दिसत.) तिथे त्याने पायरीवर बसून हारातला एक दाणा तोडून खाल्ला, आणि तेवढ्यात त्याने माझ्याकडे चोरून पाहिले. ही नजर कोणत्या बाजूला मोजायची, ते आपणच ठरवावे.

फोनबद्दलही एक सांगते. फोन तोंडाशी नेऊन फोटो काढला की नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोन पावले मागे सरकून दुप्पट झूम केला की चेहरा चेहऱ्यासारखा येतो. शिवाय आमच्या मुलाला फोन म्हणजे गाण्यांचे यंत्र वाटते, समोर धरला की तो बघत नाही, हिसकावतो.

हौशी छायाचित्रकार

फोनच्या पोर्ट्रेट मोडबद्दल सावध करतो. मागचे धूसर करण्याच्या नादात तो जावळाच्या कडा आणि बासरीचे टोक बेमालूम खाऊन टाकतो. साध्या मोडमध्ये काढावे आणि मागचा पसारा हाताने उचलावा.

दुसरे असे की हा पोशाखच कॅमेऱ्याची परीक्षा पाहणारा आहे. सगळीकडे काळे दिसले की कॅमेरा चित्र उजळ करायला जातो, त्यात पांढऱ्या हलव्याचा काटा नाहीसा होऊन नुसते पांढरे ठिपके उरतात आणि कपाळही फटफटीत होते. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, थोडे उतरवून घेतले तर हलव्याचा काटा दिसतो, आणि काळे कापड काळे राहते. अ‍ॅपर्चरही (भिंगातले उजेड आत घेणारे छिद्र) फार उघडू नये. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीचे भिंग एफ/१.८ ला उघडून एक मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ते अंतर) जेमतेम ४ सेंटिमीटर मिळते, म्हणजे मान किंचित वळली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. मुलांसाठी एफ/४ बरे (आकडा वाढला की छिद्र लहान होते).

नजरेच्या वादात मी स्टुडिओवाल्यांच्या बाजूने आहे, फक्त ती नजर मागून घेतलेली नसावी.

धागाकर्ता

उजेडाबद्दलचा आक्षेप मान्य आहे. संध्याकाळच्या समारंभात माझी खिडकी निरुपयोगी आहे, आणि जिन्यातला उपाय माझ्या सल्ल्यापेक्षा शहाणपणाचा आहे. घरातच काढायचे झाल्यास फ्लॅश थेट न मारता पांढऱ्या छताकडे वळवावा, एवढी भर मी घालतो.

नजरेबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही, उलट स्टुडिओवाल्यांच्या प्रतिसादाने ते पक्के झाले. मूल आईकडे बघत असते हे तेच सांगतात, आणि आईला भिंगामागे बसवून त्या नजरेवर आजीचा हक्क लावतात. आईला तिच्या जागी, मुलाशेजारी, बसू द्या आणि मुलाला तिच्याकडे बघताना बाजूने टिपा. फोटो बघणाऱ्याला नजर मिळणार नाही, पण ते मूल कोणाकडे कसे बघत असे, हे त्याला कळेल. तीस वर्षांनी त्या मुलालाही तेच बघावेसे वाटेल असा माझा कयास आहे.

स्टुडिओवाला

तीस वर्षांनी त्याला काय वाटेल ते त्याचे तोच सांगेल, मला आज फोटो न्यायला आलेल्या घरच्यांना उत्तर द्यायचे असते. तरीही आपण सुचवलेला आई-मुलाचा फोटो मी प्रत्येक बैठकीत काढतोच, मात्र नजरेचा फोटो मिळाल्यानंतर. क्रमाला महत्त्व आहे. मूल ताजेतवाने असते, पोट भरलेले असते आणि मुकुट अजून चढलेला नसतो, तेव्हाची पहिली पाच-सात मिनिटे नजरेसाठी ठेवावीत. मग हार, मग बासरी, आणि टोचणारा मुकुट सर्वांत शेवटी. मुकुट चढला की मूल तो ओढू लागते, आणि तिथून पुढे आपल्या मताचे फोटो आपोआपच मिळतात.

लाल रेघ पुसण्याबद्दल वरच्या वाचकांची तक्रार रास्त आहे. पुसण्यापूर्वी घरच्यांना विचारायला हवे होते.