योएलचे टोळ म्हणजे आपली बोंडअळी का?

कापूसकोंड्या:
यवतमाळकडे मावशीच्या गावी गेलो होतो. रविवारी तिच्यासोबत चर्चमध्ये उपासनेला बसलो. पाळकांनी बायबलमधल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढला: टोळांनी खाल्लेल्या वर्षांची देव भरपाई करून देईल. आणि सरळ म्हणाले, टोळ म्हणजे २०१७ची आपली कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. (खरे टोळ २०२०च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे आले होते, त्यांचं नावही काढलं नाही.) सगळ्या माना हलल्या. मला तरी वाटतं, वचन असंच जिवंत राहतं.

सांजवात:
पण तेच वचन पूर्ण वाचा ना. देव त्या टोळांना 'मी पाठवलेलं माझं मोठं सैन्य' म्हणतो. टोळाच्या जागी अळी बसवली की अळीही त्यानंच पाठवली. मग बियाण्याचा जाब कोणाला विचारायचा? बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक बदललेल्या बीटी कपाशीला २००२मध्ये परवानगी मिळाली, २००६मध्ये दुसरी पिढी आली, दोन्हींना ही अळी जुमानेनाशी झाली. ही देवाची शिक्षा म्हटली, तर पाप कोणाचं? वेचणीला जाणाऱ्या बाईचं? आणि 'भरपाई' म्हटलं की गावात तलाठ्याचा पंचनामा आठवतो. तो शब्द देवाच्या तोंडी घालताना जपून.

पऱ्हाटी:
ताई, तुमी पुस्तकातलं बोलून राह्यल्या. त्या साली बोंड फोडलं का अळी, फोडलं का अळी. आजवर सारे उपदेश अंजिराचे न् द्राक्षाचे. आमी अंजीर कुठं पाह्यलं? पाळकसाहेबानं पहिल्यांदा पऱ्हाटीचं, आमच्या कपाशीचं, नाव घेतलं, तं मले रडू आलं. त्यात काय चुकलं?

सांजवात:
रडू आलं ते खरंच आहे, दादा. योएलचा पहिला अध्याय तेच सांगतो: शेतकऱ्यांनो, गहू आणि जव गेले, आक्रोश करा. तो अध्याय गाळून एकदम भरपाईवर उडी का?

मधला बाक:
बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या वचनाचंही असंच होतं. 'तुम्हाला आशा आणि भविष्य देईन' हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापतात. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र आहे आणि आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सुटका म्हणत होता, तो खोटा ठरला. यिर्मयानं सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. म्हणजे सुटका नातवंडांना, तोवर कामं चालू.

कापूसकोंड्या:
हो, एक लिहायचं राहिलं. पाळक शेवटी म्हणाले, डिसेंबरनंतर फरदड (आणखी वेचणीसाठी उभी ठेवलेली जुनी कपाशी) ठेवू नका, अळीला घर मिळतं. त्यांचं स्वतःचं वावर आहे.

सांजवात:
हे आधी सांगायचं ना! मग माझं अर्धं भांडण मिटलं. सैन्याचं तेवढं बाकी आहे.

पऱ्हाटी:
फरदड मोडली तं मार्चात पोरीची फी कोण भरते? तेही विचारा पाळकसाहेबाले.