बेस गिटार: लय पक्की कशी करावी आणि उत्स्फूर्त वादनाकडे कसे वळावे?

प्रश्न: मेट्रोनोमसोबत (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) माझे वादन नीट होते, परंतु ड्रमवादकाबरोबर वाजवताना लय हळूहळू चढत जाते आणि ऐनवेळी स्वतःचे काही वाजवायचे म्हटले की बोटे ठरावीक स्केलमध्येच (ठरलेल्या स्वरमालिकेतच) फिरत राहतात. सराव कसा बदलावा?

उत्तर १: मिनिटाला ८० मात्रांच्या लयीसाठी मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि त्याचे ठोके चार मात्रांच्या आवर्तनातील दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडत आहेत असे धरून वाजवा, म्हणजे पहिली मात्रा सांभाळण्याची जबाबदारी सर्वस्वी तुमच्यावर येते. सुरुवातीला हे फार अवघड वाटते, तरी सोडू नका.

उत्तर २: स्वर कधी सुरू होतो याइतकेच तो कधी थांबतो यालाही महत्त्व आहे, आणि नेमके इकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. किक ड्रमबरोबर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) स्वर छेडा व स्नेअरचा (काठीने वाजवायचा, कडक आवाजाचा ड्रम) ठोका पडताच डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता केवळ सैल करून तो बंद करा. मोकळी तार मात्र तळव्याने किंवा दुसऱ्या बोटाने दाबावी लागते.

उत्तर ३: स्केल काही काळ बाजूला ठेवून कॉर्डचेच (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचेच) स्वर घ्या. सी मेजर सेव्हन या कॉर्डवर सी, ई, जी, बी एवढेच वाजवा आणि पुढील कॉर्डच्या मूळ स्वराकडे (ज्यावरून कॉर्डला नाव मिळते) अर्ध्या स्वराच्या, म्हणजे एका पडद्याच्या, अंतरावरून या. बेसची ओळ आधी गुणगुणावी, मगच वाजवावी.