रडवणारा सिनेमा: संगीत काढून घेतलं तर किती डोळे ओले राहतील?

तापीकाठ
डोळे ओले झाले म्हणजे सिनेमा चांगला, असा हिशेब आपल्याकडे फार लवकर लागतो. कुठलीही अहिराणी शॉर्ट फिल्म उघडा, खाली निम्म्या प्रतिक्रिया ‘रडाई दिधं भो’ (रडवलं रे भाऊ) एवढ्याच. मला हा हिशेब मान्य नाही. रडू प्रसंगातूनही येतं आणि नुसत्या सारंगीतूनही येतं. दुसऱ्या जातीचं रडू काढायला फारशी अक्कल लागत नाही.

कसोटी सोपी आहे. संगीत बाजूला करून तोच प्रसंग पाहायचा. 5.1 आवाजाची, म्हणजे सहा वेगळ्या पट्ट्यांची प्रत असेल तर संवाद बहुतेक मधल्या स्पीकरला असतात, संगीत डाव्या-उजव्या आणि मागच्या स्पीकरला. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली (त्याला एफएफएमपेग हे फाइल वाचणारं जोड-सॉफ्टवेअर लागतं) की सहा पट्ट्या दिसतात, त्यातली तिसरी मधल्या स्पीकरची. ती ठेवा, बाकी पाच बंद करा. एवढ्यावर घशात आवंढा आला तर प्रसंगात दम आहे.

‘सैराट’च्या (2016) शेवटाला तर ही खटपटही नको. ज्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलीवूडला जाऊन सिंफनी वाजवून घेतली, त्याच्या शेवटी नागराज मंजुळे यांनी सगळा आवाजच काढून घेतला. माहेरहून आलेली माणसं, त्यांच्यासाठी ठेवलेला चहा, शेजारणीबरोबर परत आलेलं लेकरू, फरशीवर उमटत जाणारी पावलं. एकही सूर नाही. आता सांगा, तिथे लोकांना कोणी रडवलं?

बोरीकाठची (अमळनेर)
दादा, दाखला तुमचाच, पण तो तुमच्यावरच उलटतो. ‘सैराट’ सुटल्यावर लोक रडत नव्हते, सुन्न होऊन बाहेर पडत होते. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत, त्यात स्तंभ (थिजणं) वेगळा आणि अश्रू वेगळा. आवाज काढून घेतला की माणूस थिजतो. मंजुळ्यांना तेच हवं होतं. रडू मोकळं व्हायला बहुतेक वेळा सूरच लागतो.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावरची गाणी म्हणतात ती घ्या. माहेरी आलेल्या लेकी म्हणतात त्यात शब्द असतात किती? भाऊ, वाट, सासर, माय. कागदावर लिहून काढले तर दहा ओळी भरतील आणि वाचणारा जांभई देईल. पाणी येतं ते चालीमुळे आणि सगळ्या जणी एका सुरात म्हणतात म्हणून. चाल काढून शब्दांची परीक्षा घ्यायची ही कोणती रीत?

‘माहेरची साडी’वर (1991) नाक मुरडणाऱ्यांनाही हेच विचारायचंय. विजय कोंडके यांनी ती गोष्ट ‘बाई चली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून घेतली. पुढे हिंदीतही ती आली. म्हणजे मारवाडातल्या बाईला जे लागलं तेच चोपड्यातल्या आणि साक्रीतल्या बाईला लागलं. अलका कुबल पडद्यावर दिसली की बाया पदर डोळ्याला लावायच्या याची चेष्टा फार झाली. पुरुष ‘आनंद’ (1971) पाहून रडले तर मात्र ती रसिकता.

आणि ‘श्यामची आई’? साने गुरुजी आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलात शिकवत. त्यांच्या पुस्तकावर अत्र्यांनी 1953 साली सिनेमा काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्यातून वसंत देसाईंची ‘भरजरी गं पितांबर’ची चाल वजा करून दाखवा, मग बोलू.

ध्वनीमिस्त्री
ताईंच्या शेवटच्या वाक्यातच अडचण आहे: वजा करताच येणार नाही. 1953 चा काय नि 1971 चा काय, त्या काळचा आवाज मोनो. संवाद, पावलं, सारंगी सगळं एकाच पट्टीत कालवलेलं. तापीकाठ भाऊंची कसोटी जुन्या सिनेमांना लागूच होत नाही. हल्ली एआयवाले आवाज वेगळे करून देतात, पण संवादाच्या शेपटाला पाण्यात बोलल्यासारखी खरखर उरते आणि हुंदका तर हमखास संगीतात जमा होतो.

नव्या सिनेमातही मधल्या पट्टीत नुसते संवाद नसतात. पावलांचे, भांड्यांचे आवाज असतात, गाण्यातला गळाही बऱ्याचदा तिथेच असतो. त्याहून मोठी गोम म्हणजे प्रसंग कापतानाच संगीताला जागा सोडलेली असते. दोन वाक्यांमधली सहा सेकंदं व्हायोलिनसाठी ठेवलेली असतील, तर व्हायोलिन काढल्यावर तिथे नट नुसता उभा दिसणारच. दोष नटाचा नाही, कसोटीचा आहे.

खरा घोळ थिएटरात होतो, त्यावर कोणी बोलत नाही. सिनेमाचा आवाज मिक्स करतात तो थिएटरातल्या डॉल्बी प्रोसेसरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) 7 वर धरून. त्या खुणेला पडद्यामागचा एकेक स्पीकर 85 डेसिबलला लावलेला असतो. तालुक्याच्या थिएटरात जाहिराती कर्कश वाजतात, लोक ओरडतात, ऑपरेटर फेडर 5 वर आणतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तो तिथेच राहतो. त्या दोन खुणांत 6 ते 7 डेसिबल जातात. गाणी तरीही ऐकू येतात, मारामारीही येते. जातो तो आवंढा, कुजबूज, ‘आई’ म्हणताना फाटलेला आवाज. वर पंखे आणि एअर कूलर चालू. मग प्रेक्षक म्हणतो, सिनेमा कोरडा होता.

कटिंग टेबल
संगीत, संगीत आणि संगीत. अहो, रडू त्याच्या कितीतरी आधी मरतं.

आपल्याकडच्या शॉर्ट फिल्ममध्ये सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे पात्रच आधी रडून मोकळं होतं. मग प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. रडू दाबणारा माणूस दाखवा: बोलता बोलता थांबतो, पाणी प्यायचं निमित्त काढतो, पिशवीची गाठ उगाच सोडतो-बांधतो. दुसरा दोष म्हणजे थेंब गालावरून हनुवटीपर्यंत पोचेस्तोवर शॉट धरून ठेवणं. डोळे भरले, थेंब अजून पापणीवर आहे, तिथे कापा आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जा. त्या चेहऱ्यावर तीन-चार सेकंद थांबा, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने 72 ते 96 फ्रेम. त्याने काहीही करू नये. ‘थोडं एक्स्प्रेशन दे’ असं दिग्दर्शक म्हणाला की शॉट गेला.

संगीत घालायचंच तर भाव चेहऱ्यावर उमटून गेल्यानंतर, दोनेक सेकंदांनी, हळू. आधी वाजलं तर ती सूचना होते: आता रडा. आणि शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प बसवून निदान 30 सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून आणा. ती नसली की दोन संवादांमधली जागा बहिरी लागते आणि ती झाकायला मग बासरी अंथरली जाते. निम्मी ‘करुण’ बासरी या कारणाने असते, दुःखामुळे नव्हे.

‘आनंद’चं रहस्य टेपरेकॉर्डरात आहे. तो सिनेमात आधीच येऊन जातो, हसत-खेळत. त्यामुळे शेवटी तो फिरतो तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मेलेल्या माणसाचा आवाज खोलीत येतो आणि ऐकणारे जिवंत चेहरे आपण पाहत राहतो. हृषीकेश मुखर्जी मूळचे एडिटर, ‘दो बिघा जमीन’ त्यांनीच कापलेला. वस्तू कुठे पेरायची आणि कधी उपटायची हे त्यांना हातातल्या कात्रीने शिकवलं.

भो भुसावळ
खरं शे भो, पण ग्लिसरीनचं कोणी बोलेना.

मे महिन्यात 44-45 अंशांत शूटिंग. कपाळावर घाम, गालावर ग्लिसरीन, कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच चमकतं. नट रडतोय की उकडतंय त्याला, तेच कळत नाही. रडण्याचे क्लोजअप सकाळी नऊच्या आत उरका. घाम पुसू नका, टिश्यूने टिपा, नाहीतर मेकअपचे पट्टे उठतात. ग्लिसरीन वाळत नाही आणि धूळ धरतं, त्यामुळे दुपारच्या वाऱ्यात गालावर मातीची रेघ तयार. थेंबही जाड, खऱ्या आसवापेक्षा सावकाश घरंगळतो. मेंथॉलची कांडी त्याहून बरी. डोळ्याखालच्या हाडावर पातळ हात फिरवा, पापणीला लावायची नाही. वाफेने डोळे आपोआप भरतात. नटाने कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या असतील तर नकोच. नाकपुड्यांच्या कडेला थोडी लाली द्या, कारण खरं रडणाऱ्याचं नाक आधी लाल होतं. प्रत्येक टेकनंतर मोबाईलवर फोटो काढा: कोणता गाल, कुठपर्यंत ओला. नाहीतर पुढच्या शॉटमध्ये पाणी दुसऱ्याच डोळ्यातून.

रावेरकडचे लोक केळीच्या बागेत रडारड लावतात. पानांवरून येणाऱ्या उजेडाने तोंड हिरवं पडतं, विष प्यायल्यासारखं. कॅमेऱ्याच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा आणि नटाला पानांपासून दूर घ्या.

नंदुरबारची लेक
कटिंग टेबल दादा, ‘पात्र रडलं की प्रेक्षक रडत नाही’ हा नियम जरा तपासून घ्या. ग्रॉस आणि लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली भावना जागवणाऱ्या चित्रफितींचा संच तयार केला. 250 हून जास्त सिनेमांतून निवडलेले 78 तुकडे 494 जणांना दाखवले. दुःखासाठी त्यांनी जे तुकडे निवडले त्यात ‘द चॅम्प’ (1979) आहे. बॉक्सर बाप मेलाय आणि लहान पोरगा त्याच्याजवळ उघडपणे, मोठ्याने रडतोय. तीन मिनिटांच्या आत लोकांचं मन बसतं. तो तुकडा पुढे अनेक प्रयोगांत वापरला गेला. लहान मुलाला दाबायला शिकवलेलं नसतं, म्हणून त्याचं रडणं चालतं. तुमचा नियम मोठ्यांपुरता ठेवा.

‘रडाई दिधं’ या प्रतिक्रियांबद्दलही एक. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (2015) साठ जणांना ‘लाइफ इज ब्युटिफुल’ आणि ‘हाची’ दाखवले. 28 जण रडले. संपल्यासंपल्या रडणाऱ्यांची मनःस्थिती ढासळलेली, वीसेक मिनिटांत पूर्वपदावर, आणि दीड तासाने सिनेमाआधीपेक्षाही बरी. न रडणाऱ्यांमध्ये काही फरकच नाही. म्हणजे सिनेमा संपताक्षणी लिहिलेल्या कॉमेंटवरून काही ठरवू नका, रडणाऱ्याला जेवून येऊ द्या.

तापीकाठ
ताई, या अभ्यासातून रडल्यावर बरं वाटतं एवढंच कळतं. सिनेमा चांगला होता हे त्यातून कसं निघतं? कांदा चिरल्यावरही डोळे स्वच्छ होतात.

मोनोचा मुद्दा मिस्त्रींचा बिनतोड, जुने सिनेमे कसोटीबाहेर ठेवू. पण ‘श्वास’ (2004) घ्या. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग, शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेआधी हे पोराला सांगायला हवं आणि सांगणार आजोबा. तिथे पेच इतका घट्ट बांधलाय की ढोल वाजवा नाहीतर काहीच वाजवू नका. मला हाच फरक दाखवायचाय. पेच असला की संगीत सोबतीला येतं, नसला की त्यालाच गाडा ओढावा लागतो.

शिरपूरकर
एक वेगळाच सूर. ‘उंबरठा’त (1982) स्मिता पाटील शेवटी घर सोडून निघते, रेल्वेत बसते, आणि जब्बार पटेल आपल्याला रडू देत नाहीत. रडलो असतो तर सुलभाची दया येऊन मोकळे झालो असतो. न रडता बाहेर पडलेला प्रेक्षक घरी जाऊन भांडतो. स्मिताचे वडील आमच्या शिरपूरचे, म्हणून पक्षपात म्हणा हवं तर.

बोरीकाठची (अमळनेर)
शिरपूरकर, भांडायला घरी जाणारा प्रेक्षक कोण होता तेही सांगा. ज्या बाईला घरी भांडताच येत नाही तिला तीन तास अंधारात रडायला जागा मिळाली, हे थोडं झालं का?

कटिंग टेबल
लहान मुलांचा अपवाद मान्य. कसोटीच घ्यायची तर पूर्ण झालेल्या सिनेमाची नको, कच्च्या कटची घ्या. संगीत घालायच्या आधीची प्रत तीन अनोळखी माणसांना दाखवा, तुम्ही मागे बसा आणि त्यांचा हात मोबाईलकडे कोणत्या मिनिटाला जातो ते टिपून ठेवा. तिथे बासरी घालू नका, तिथे कापा.

बोरीकाठची (अमळनेर)
चालेल. फक्त त्या तिघांत दोन बाया हव्यात, आणि त्यातली एक पंचावन्नच्या पुढची.