शब्दचर्चा : हरणापुढे टाकलेला मका – चारा, वैरण की आमिष?

प्रश्न (लान्सिंग, मिशिगन, अमेरिका)

नमस्कार. एका शब्दावरून आमच्या घरात दोन दिवस गोंधळ चाललाय, म्हणून इथे विचारते.

बाबा सांगलीहून आलेत. घरी म्हशी आहेत, त्यामुळे इथले गोठे बघायची त्यांना भारी हौस. परवा मी त्यांना ओळखीच्या एका गोठ्यावर घेऊन गेले. नोव्हेंबर, म्हणजे हरणांच्या शिकारीचा ऐन हंगाम. मालकाशी बोलताना विषय निघाला की मिशिगनच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात 31 जानेवारी 2019 पासून मका, गाजरं, बीट असलं काही टाकून हरणाची शिकार करायला बंदी आली. मी बाबांना मराठीत सांगितलं, "इथे हरणाला चारा टाकून मारलं तर गुन्हा."

बाबा म्हणाले, "आणि हा गव्हाणीत मुरघास पडलाय त्याचं काय? रात्री हरणं येतच असणार की. मग ह्या माणसाला धरून न्यायचं?"

प्रश्न बरोबर होता, माझा शब्द चुकला होता. इथल्या नियमात दोन शब्द वेगळे ठेवलेत. शिकारीला मदत व्हावी म्हणून हरणापुढे ठेवलेलं धान्य, मीठ, फळं, भाजी, गवत ते 'बेट' (bait). शिकारीखेरीज इतर कुठल्याही कारणाने ठेवलेलं ते 'फीड'. आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की गुरांना नेहमीच्या पद्धतीने घातलेलं खाणं हरणाच्या तोंडी लागलं तर ते 'बेट' नाही. अट एवढीच की त्या जागी गुरं असली पाहिजेत आणि ती रोज ते खात असली पाहिजेत. उभं पीक, कापणीत सांडलेले दाणे हेही 'बेट' नाही.

म्हणजे गुरं विकून टाकली आणि रिकाम्या गोठ्यात मका ओतून बंदूक घेऊन बसलं, तर ती पळवाट चालत नाही. हे सगळं मराठीत नीट कसं सांगू? 'बेटिंग' तसंच ठेवावं तर आपल्याकडे बेटिंग म्हणजे क्रिकेटवरचा सट्टा.

प्रतिसाद (कागल, कोल्हापूर)

ताई, बाबांचं म्हणणं रास्त आहे. गोठेवाल्याच्या कानाला 'चारा टाकला' हे पुण्याचं काम वाटतं, त्याचा गुन्हा कसा होईल?

आमच्याकडे गुरांच्या खाण्याला एकच शब्द नाही. ओली-वाळली वैरण वेगळी. कडबा तिच्यातलाच, पण नाव घेऊनच सांगायचं. सरकी, पेंड, भुसा हा खुराक. धारेच्या वेळी म्हशीपुढे ठेवतात ते आंबोण. ह्यातलं काहीही हरणाने खाल्लं तरी ते वैरणच राहतं, कारण ते दावणीच्या जनावरासाठी घातलंय. वैरण 'घालतात'. आमिष 'लावतात' नाहीतर 'दाखवतात'. क्रियापद बदललं की हेतू उघडा पडतो. बाबांना 'आमिष लावून मारायला बंदी' म्हणा, लगेच पटेल.

प्रतिसाद (पुणे)

'आमिष'ला माझा पाठिंबा आहे. कुणी म्हणेल की हा शब्द मुळात मांसाचा, संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणून तर सामिष आणि निरामिष. मग गवत खाणाऱ्या हरणाला आमिष कसं? पण प्राण्याला ओढून आणणारी वस्तू, मोहाची वस्तू हा अर्थही संस्कृतातच आलेला आहे, आणि आज मराठीत 'नोकरीचं आमिष' म्हणताना कुणाला मांस आठवत नाही. गाजराचं आमिष बिनदिक्कत म्हणावं.

'चारा'बद्दल मात्र कागलकरांना थोडी पुस्ती जोडतो. हिंदीत मासे धरायच्या गळालाही 'चारा' लावतात; मराठीत ते सहसा होत नाही, आपण चिमणीच्या पिल्लाच्या चोचीत चारा घालतो. नाम असं निरागस राहिलं, पण 'चारणे' ह्या क्रियापदाला डाग लागलाय. 'अधिकाऱ्याला पैसे चारले' ह्यात खाऊ घालणं आणि जाळ्यात घेणं दोन्ही आलं. त्यामुळे 'हरणांना मका चारून शिकार' असंही लिहिता येईल, अर्थ पोचेल. नियमाच्या मजकुरात मात्र 'आमिष'च हवं, कारण 'चारणे'त गुरं चारणारा गुराखीही येतो.

प्रतिसाद (चंद्रपूर)

इथे हा प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही. फासा, सापळा, हाका हे तर त्यात आहेच, आणि 2002 च्या दुरुस्तीनंतर 'बेटिंग'ही आहे. पण तिथे त्याच यादीत कुत्रे मागे सोडणंही आहे. इंग्रजीत ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ: खाणं दाखवून ओढणं, आणि बांधलेल्या जनावरावर कुत्रे घालून छळणं. भाषांतर करणाऱ्याने नुसतं 'आमिष दाखवणे' लिहिलं तर दुसरा अर्थ गळतो, आणि मला ती गळती बारीक वाटत नाही.

आणखी एक. व्याघ्र प्रकल्पांत वनखातं चितळ-सांबरांसाठी मिठाचं चाटण ठेवतं. मिशिगनच्या व्याख्येत मीठ आणि क्षारही आहेत, म्हणजे तिथे बंदुकीच्या टप्प्यात ठेवलेलं चाटण हे आमिष. वस्तू तीच. हेतू पाहिल्याशिवाय नाव ठरत नाही, हे कागलच्या दादांचं म्हणणं इथेही लागू पडतं.

पण गुन्हा 'फीड'ला नाही आणि 'बेट'ला आहे, असंच तिथे आहे का? की दोन्हीला?

मूळ प्रश्नकर्ती

दोन्हीला, दादा. तेच सांगायचं राहिलं होतं. 2019 ची बंदी खाऊ घालण्यावरही आहे. कारण इथे मुख्य चिंता शिकारीतल्या न्यायाची नसून रोगाची आहे. 1994 साली ईशान्य भागात शिकाऱ्याने मारलेल्या एका हरणात गुरांचा क्षय सापडला, आणि 1998 पासून तो गाईंच्या कळपांतही निघू लागला. हरणं रानात पांगून चरतात. ढीग घातला की एकाच जागी नाकाला नाक लावून खातात, लाळ एकमेकांच्या तोंडी जाते. 2008 मध्ये एका बंदिस्त हरणात खंगत जाऊन मरायचा रोग निघाला तेव्हाही आमिषबंदी झाली होती, 2011 ला उठली. वरच्या द्वीपकल्पात आमिषाला परवानगी होती ती मोजून: एका वेळी दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर, आणि तेही दहा फूट बाय दहा फुटांत विखरून.

काल बाबांना हे सगळं 'वैरण' आणि 'आमिष' वापरून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लाळ्या-खुरकूत आला की आम्हीसुद्धा हौदावर सगळ्यांची गुरं एकदम सोडत नाही." त्यांनी गोठेवाल्याला विचारायला लावलं की त्याच्या वैरणीला कुंपण आहे का. आहे, चांगलं उंच आहे.

शेवटचा एक शब्द अडलाय. हरणांनी खावं म्हणून मुद्दाम पेरलेला जमिनीचा तुकडा, हाही इथे आमिषात धरत नाहीत. 'चराऊ रान' म्हणावं तर ते गुरांचं वाटतं. 'हरणपेरा' कसा वाटतो?

प्रतिसाद (कागल, कोल्हापूर)

'पेरा' बरा आहे. आमच्याकडे जोंधळ्याचा पेरा, भुईमुगाचा पेरा म्हणतातच. पण पेऱ्याला पिकाचं नाव लागतं, खाणाऱ्याचं नाही. 'हरणांसाठीचा पेरा' असं फोडून लिहा.