चर्चा: अद्भुत कादंबरी (फँटसी) लिहायची, तर हात कुठं बसवावा?

धानपट्टा, अर्जुनी मोरगाव
माझी भाची बी.ए. झाली. किशोरवयीन मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहायच्या आणि पुढं सिनेमाच्या पटकथाही, असं तिनं पक्कं केलंय. घरचे एमपीएससीवर अडून बसलेत. मी म्हणतो लिहू द्या, पण सुरुवात आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकापासून करू द्या. 'हंगर गेम्स'वाल्या सुझान कॉलिन्सनं १९९१ पासून मुलांच्या टीव्ही मालिका लिहिल्या. तिची पहिली कादंबरी आली २००३ साली, 'हंगर गेम्स' २००८ साली. २०१२ च्या सिनेमाच्या पटकथेतही तिचा हात होता. प्रसंग कुठं तोडायचा, हे ती आधी शिकली होती. आपल्याकडं ती शाळा झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावी, वडशाला आहे. रात्रभराच्या नाटकात पहाटे चारला बाया लेकरं काखेला मारून उठल्या, की लेखकाला तिथंच समजतं.

वऱ्हाडी वाचक, मेहकर
नाही पटलं भाऊ. कॉलिन्सबाईला टीव्हीत पैसे मिळत होते, वडशाची कंपनी नव्या पोरीला काय देणार? वर घरगुती रडारड, विनोदी पात्र, मधात गाणी, हा साचा हाताला बसला की सुटत नाही. कादंबरीला वही पुरते. आमच्या लोणारचं सरोवर उल्केनं झालं असं मास्तर शिकवतात, आजी लवणासुराची गोष्ट सांगते. पोट्ट्याला दोन्ही खरं वाटतं. ते वाटणं मंचावर कसं दाखवाल?

कचारगडची वाट, सालेकसा
कुठूनही सुरू करा, पण एक ऐका. माघ पौर्णिमेला कचारगडला लाखो गोंड माणसं येतात. पारी कुपार लिंगो आमचं दैवत आहे. त्याच्या हाती जादूची तलवार देऊन त्याला पात्र करू नका. भाचीनं आधी जत्रेत यावं, जाणत्यांजवळ बसावं, विचारावं.

धानपट्टा
हे शंभर टक्के मान्य, तिला घेऊन येतो. मेहकरवाले भाऊ, साच्याची भीती मला नाही. तिच्या वहीत राजवाड्याचंच वर्णन चार पानं चालतं, कोणी काही बोलतच नाही. नाटक तिला बोलायला लावेल.

वऱ्हाडी वाचक
मग नाटकं पाहू द्या, लिहायला काहून लावता? पटकथेचं तर आणखी वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीवरचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही, पण नव्या लेखकाला हे सांगतं कोण? कादंबरी आधी छापलेली असली, तर करारावर सही करताना तिच्याजवळ स्वतःचं काही राहील. आणि खरंच मदत करायची असेल, तर उन्हाळाभर तिला सैपाकपाण्यातून मोकळं करा.