विषय: पुन: जानेवारीचा ठाण्यातला मेळावा, दुभाषी आणि रॅम्प

प्रेषक: सदस्य, घोडबंदर रोड, ठाणे

सचिवताई, नमस्कार.

फॉर्मवरच्या 'विशेष गरजा' या ओळीत माझी व्हीलचेअर लिहिली आहे. ही मेल मात्र वाशीच्या काकांसाठी. सारखं मागितलं की लोक कंटाळतात, असं म्हणून ते गप्प बसतात. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

मागच्या वर्षी मंडळाने सांकेतिक भाषेच्या दुभाषी आणल्या, फार बरं वाटलं होतं. पण स्लाइड सुरू झाल्या, हॉलमधले दिवे मालवले आणि त्यांचे हात अंधारात गेले. पुढचा तासभर काका काकूंच्या तोंडाकडे बघत होते. त्या हसल्या की हे हसायचे. मी बाजूच्या वाटेत होते, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुभाषींवर वेगळा दिवा हवा, आणि मागे साधा गडद पडदा. शिवाय दोघी हव्यात. अर्ध्या तासात हात थकतात आणि डोकंही, तीन तास एकीच्याने होत नाही. भाषणं नि कविता त्यांना आठवडाभर आधी पाठवा. आणि पत्रिकेत 'मूकबधिर' नको, 'कर्णबधिर' लिहा. काका भरपूर बोलतात, हातांनी.

प्रेषक: सचिव, सिंगापूर

दिवा आणि दोघी दुभाषी, नक्की. खर्चाचं मी कार्यकारिणीत बोलते. तुमच्या खुर्चीबद्दल हॉलवाले म्हणतात, तीनच पायऱ्या आहेत, चार मुलं उचलतील. चालेल ना?

प्रेषक: सदस्य, वाशी

सचिवताई, ती 'चालेल' म्हणून मोकळी होईल, म्हणून मी लिहितो. चालणार नाही. (तिला दाखवून मगच पाठवतोय.)

मागच्या वर्षी उचलताना एकाने खुर्चीचा हात धरला. तो सुटा निघतो. खुर्ची कलली आणि तिने शेजारच्या मुलाचा शर्ट मुठीत घट्ट पकडला, वर पोचेपर्यंत सोडला नाही. मग जेवताना ती पाण्याचा घोटही प्यायली नाही, कारण तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नाही.

काल टेप घेऊन ठाण्याला जाऊन आलो. पायऱ्या 15 सेंटिमीटरच्या, तीन मिळून 45. 1:12 चा उतार (म्हणजे 1 सेंटिमीटर चढाला 12 सेंटिमीटर लांबी) धरला तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. हॉलवाल्यांची फळी सहा फुटांची आहे, तिच्यावरून खुर्ची मागे उलटेल. मंडपवाले स्टेजला जो लोखंडी सांगाडा नि प्लायवूड लावतात, त्यातच रॅम्प होतो. दोन्ही कडांना कठडा, वर मॅट ठोकून घ्यायची. त्यांच्याशी आत्ताच बोला, जानेवारीत लग्नसराई असते.

हॉलवाल्यांनी कटकट केली तर सांगा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 29 सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाबद्दलच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलंय की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा.

स्वच्छतागृहाचं दार 60 सेंटिमीटर, तिची खुर्ची 64. पण मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांचं एक आहे, त्याचं दार 82 भरलं, आत खुर्ची वळतेसुद्धा. ते कुलपात असतं. किल्ली वॉचमनकडे असते, त्याने मला फोनवर टाइप करून सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून ती किल्ली स्वागताच्या टेबलावर असू दे.